खेचरांची घटती संख्या आणि खारेपाटणचा घाटमार्ग

पशुगणनेच्या अहवालात गाईगुरांचे व म्हशींचे आकडे कोटींत मोजले जातात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात गाई-बैल १९ कोटींहून अधिक आणि म्हशी सुमारे ११ कोटी होत्या. त्याच तक्त्याच्या तळाशी एक लहानसा रकाना असतो, तो खेचरांचा. २०१९ मध्ये त्यात अवघी ८४ हजारांची नोंद झाली. सात वर्षांपूर्वी, २०१२ मध्ये, हाच आकडा १ लाख ९६ हजार होता. एवढ्या मोठ्या पशुधनात लाखभर जनावरे कमी झाली तर त्याची दखल कोणी घ्यावी, असा प्रश्न सहज पडेल. परंतु हा रकाना इतर रकान्यांसारखा नाही. तो नीट वाचता आला तर देशातील दुर्गम भागांत रस्ता कोठवर पोहोचला आणि कोठे पोहोचला नाही, याचा इतिहास त्यातून उलगडतो.

नर गाढव आणि घोडी यांच्या संकरातून जन्मते ते खेचर. संस्कृतात त्याला अश्वतर म्हणतात. छांदोग्य उपनिषदातील जानश्रुती राजा रैक्वाकडे ज्ञान मागण्यासाठी जातो तेव्हा गाईंबरोबर अश्वतरीचा रथही नेतो. म्हणजे हे जनावर आपल्याकडे किती पुरातन आहे ते दिसते. घोडा आणि गाढवी यांच्या उलट संकरालाही संतती होते. तिला इंग्रजीवरून हिनी म्हणतात. हिनी अंगाने लहान असते, शिवाय हा संकर सहजासहजी फळत नाही, म्हणून तिची पैदास कोणी मुद्दाम करीत नाही. आपल्या पशुगणनेत तिला वेगळा रकाना नाही. जागतिक कृषी आकडेवारीतही खेचर व हिनी एकत्रच मोजली जातात. मराठी वाचकाला खेचर हा शब्द प्रथम भेटतो तो बहुधा संत नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावात. ते नाव कसे पडले याविषयी लोककथा एक सांगतात आणि खेचरी मुद्रेशी संबंध जोडणारे अभ्यासक दुसरे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२ आणि खेचराच्या पेशीत ६३. ही विषम संख्या जोडीने विभागली जात नसल्यामुळे खेचर वांझ असते. अत्यंत विरळ अपवाद सोडल्यास खेचराला खेचर होत नाही. गाई, शेळ्या, कोंबड्या माणसाने दुर्लक्ष केले तरी काही प्रमाणात वाढतात. खेचर तसे वाढू शकत नाही. प्रत्येक खेचरामागे कोणा एका घोडीच्या मालकाने घेतलेला निर्णय असतो. आपल्या घोडीचे एक वर्ष घोड्याच्या शिंगरासाठी द्यावयाचे की खेचरासाठी, याचा तो हिशेब करतो. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, आणि जन्मलेले खेचर ओझ्याला लावण्याजोगे होण्यास आणखी तीन वर्षे लागतात. म्हणून आज दिसणारी संख्या ही चार-पाच वर्षांपूर्वी मालकांनी बाजाराविषयी बांधलेल्या अंदाजाची नोंद असते.

खारेपाटणची पेठ

हा हिशेब समजून घेण्यासाठी, जेथे खेचर रुजलेच नाही अशा एका जागेकडे पाहणे उपयोगी ठरेल. सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कणकवली तालुक्यातील खारेपाटण हे गाव आज मुंबई-गोवा महामार्गावरील एक थांबा म्हणून प्रवाशांच्या परिचयाचे आहे. विजयदुर्गच्या खाडीतून आत आत येत गेले की वाघोटणच्या वर हे गाव लागते. समुद्रापासून इतक्या आत असूनही ते एके काळी बंदर होते, यावर आज चटकन विश्वास बसत नाही. येथे सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ चा ताम्रपट प्रसिद्ध आहे. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याचे वाचन एकोणिसाव्या शतकात प्रसिद्ध केले. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण देवस्थानाला द्यावा, अशी तरतूद त्यात आहे. शके १०१६ चा दुसरा एक ताम्रपटही याच गावी मिळाला. त्यात उत्तर कोकणच्या अनंतदेवाने ठाणे, सोपारा, चौल इत्यादी बंदरांत दोघा अमात्यांच्या गलबतांवरील जकात माफ केल्याची नोंद आहे.

जकातीचे हे उल्लेख वाचताना एक प्रश्न मनात ठेवावयास हवा : गलबतातून उतरलेला माल पुढे कसा जात असे? खारेपाटणच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत आहे. बावड्याचा आणि फोंड्याचा घाट चढून पाचशे-सहाशे मीटर वर गेल्याशिवाय कोल्हापूरकडचा देश लागत नाही. खालून वर मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी जाई. वरून खाली गूळ, तंबाखू, मिरची आणि धान्य येई. गाडीरस्ते होईपर्यंत हा सारा व्यवहार जनावरांच्या पाठीवरून झाला, आणि ते जनावर होते बैल.

लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर गोणी लादून घाट चढत-उतरत. गोणीचे दोन्ही कप्पे सारख्या वजनाचे भरावयाचे, म्हणजे तोल राहतो आणि पाठीला जखम होत नाही. वजनात फरक पडला तर घाटातल्या वळणावर बैल कलंडतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. लादलेला बैल ताशी तीनेक किलोमीटर चालतो. खेचर त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाते, अरुंद वाटेवर पाऊल अधिक नेमके टाकते आणि दीर्घकाळ काम देते. मग कोकणच्या घाटांनी खेचर का स्वीकारले नाही?

पहिले कारण चाऱ्याचे आहे. बैल मुक्कामावर मोकळा सोडला की चरून पोट भरतो. घोडा आणि खेचर यांना चंदी लागते, नाल लागतात, म्हणून नालबंदही लागतो. ज्या व्यापारात मीठासारखा स्वस्त आणि जड माल वाहावयाचा, त्यात जनावराच्या खुराकावर धान्य खर्च करणे परवडणारे नव्हते.

दुसरे कारण पैदाशीचे. खेचरासाठी घोडी हवी. मराठ्यांचे घोडदळ ज्या तट्टांवर उभे राहिले ती भीमा, नीरा, कृष्णा यांच्या खोऱ्यांतील, म्हणजे घाटावरची. कोकणातील दमट हवा आणि तीन-चार महिन्यांचा संततधार पाऊस घोड्याला मानवत नाही. शिवाय ज्या काळात घोडीला लष्करात मागणी होती त्या काळात तिला खेचरासाठी अडकविणे म्हणजे तिच्या पोटी येणारा एक घोडा गमावणे होते.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि ते पंचांगात आहे. कोकणच्या शेतकऱ्याचा बैल ज्येष्ठ-आषाढात चिखलणीला जुंपलेला असतो. याच दिवसांत समुद्र खवळलेला असल्यामुळे बंदर बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत होतो, गलबते येऊ लागतात. भातकापणी आटोपली की बैलही मोकळा होतो, तो वैशाखापर्यंत. बंदराचा हंगाम आणि बैलाची सवड एकमेकांस इतकी जुळणारी होती की तांड्यांच्या बैलांखेरीज स्थानिक शेतकऱ्याचे बैलही अल्प भाड्यात मिळू शकत. केवळ ओझे वाहणारे, नांगराला न चालणारे आणि पावसाळाभर बसून खाणारे जनावर पाळण्याचे खारेपाटणच्या माणसाला काहीच कारण नव्हते.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घाटांतून गाडीरस्ते झाले. सात-आठ बैलांच्या पाठीवरचे ओझे एका बैलजोडीच्या गाडीत मावू लागले आणि तांड्यांचा व्यवसाय ढासळला. दुसरीकडे खाडी गाळाने भरत गेली, मोठ्या गलबतांना वरपर्यंत येणे अवघड झाले. त्यानंतर मोटार आली, महामार्ग आला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. कोकण पाठीवरच्या बैलावरून गाडीवर आणि गाडीवरून मोटारीवर गेले. मधली खेचराची पायरी त्याने चढलीच नाही.

चढ आणि उतार

हिमालयाच्या डोंगररांगांत याच्या उलट घडले, आणि देशाच्या आकड्यांचा चढ-उतार मुख्यत्वे तेथून आला. आपल्याकडे पशुगणनेस १९१९-२० मध्ये आरंभ झाला. स्वातंत्र्यानंतरच्या गणनांकडे पाहिले तर १९५१ मध्ये देशात सुमारे ६० हजार खेचरे होती. १९५६ मध्ये ती ४० हजारांवर आली. त्यानंतर मात्र चढ सुरू झाला : १९६६ मध्ये ८० हजार, १९८२ मध्ये १ लाख ३० हजार, १९९२ मध्ये १ लाख ९० हजारांच्या घरात आणि १९९७ मध्ये सुमारे २ लाख २० हजार. चाळीस वर्षांत साडेपाच पट.

याच काळात घोडे आणि गाढवे कमी होत होती, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. घोडे व तट्टे १९५१ मध्ये १५ लाख होती, ती १९९७ पर्यंत ८ लाखांच्या आसपास उतरली. शहरांतून टांगे गेले, गावातून स्वारीचा घोडा गेला. गाढवे १३ लाखांवरून ९ लाखांच्या खाली आली. १९५१ मध्ये पंचवीस घोड्यांमागे एक खेचर होते. १९९७ मध्ये चारांमागे एक. आईबाप दोघेही घटत असताना संतती वाढत होती, असे हे विलक्षण चित्र आहे. त्याचा अर्थ एवढाच की घोडीच्या मालकाला घोड्यापेक्षा खेचरात अधिक पैसा दिसू लागला. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेवरील ठाण्यांना रसद पोहोचविण्याची गरज वाढली. उत्तर भारतातील वीटभट्ट्यांवर कच्च्या विटा वाहण्यासाठी खेचरांना मागणी आली. केदारनाथ, यमुनोत्री, वैष्णोदेवी येथील यात्रेकरूंची संख्या वाढत गेली. सडक डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबे आणि तेथून वरचे काम खेचराकडे येई. म्हणजे अर्धवट झालेला रस्ता खेचराला मारक ठरला नाही. उलट पायथ्याशी येणारा माल व माणसे वाढवून त्याने खेचराचे काम वाढविले. रस्ता पूर्ण झाला तेव्हा मात्र ते काम संपू लागले.

२००३ मध्ये संख्या १ लाख ७६ हजार झाली, २००७ मध्ये १ लाख ३७ हजार. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली होती, हे येथे आठवावे. २०१२ मध्ये आकडा अचानक १ लाख ९६ हजारांवर चढला आणि २०१९ मध्ये ८४ हजारांवर कोसळला.

शेवटच्या उताराविषयी थोडा विचार करणे आवश्यक आहे. चांगल्या स्थितीत ठेवलेले खेचर पंचवीस-तीस वर्षे जगते. समजा, २०१२ नंतर सात वर्षे देशात एकही खेचर जन्मले नसते, तरी केवळ वयोमानाने त्यांपैकी एक-तृतीयांशाच्या आसपास जनावरे कमी झाली असती. प्रत्यक्षात घट ५७ टक्के आहे. म्हणजे पैदास मंदावली एवढे स्पष्टीकरण येथे अपुरे पडते. वीटभट्ट्यांवर आणि यात्रामार्गांवर जनावरे अकाली मरतात, हे एक कारण असू शकते. मालक सतत फिरतीवर असल्यामुळे मोजणीत निसटणे किंवा एखाद्या गणनेत तट्टांची नोंद खेचरांत होणे, हेही संभवते. २०१२ चा अनपेक्षित चढ पाहता ही शंका अधिकच बळावते. लहान संख्यांच्या बाबतीत टक्केवारीवर एकदम विसंबू नये. परंतु त्याच सात वर्षांत गाढवे ३ लाख २० हजारांवरून १ लाख २४ हजारांवर आणि घोडे ६ लाख २५ हजारांवरून ३ लाख ४० हजारांवर आले. तिन्ही रकाने एकाच दिशेने झुकलेले असताना दोष केवळ मोजणीचा आहे असे म्हणता येत नाही.

अन्य देशांतही हेच घडून गेले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९२० च्या दशकात ५० लाखांहून अधिक खेचरे शेतीत राबत होती. ट्रॅक्टर आला आणि पुढील साडेतीन दशकांत घोडे व खेचरे मिळून तिसेक लाखच उरली. तेथे खेचराची जागा यंत्राने शेतात घेतली. आपल्याकडे ती डोंगरात घेतली जात आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

महाराष्ट्रात खेचर कधीच मोठ्या संख्येने नव्हते, तथापि खेचराला लागणाऱ्या दोन्ही जनावरांचे बाजार येथे आहेत. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. जेजुरीला पौष पौर्णिमेस गाढवांचा बाजार भरतो; वैदू, कैकाडी, बेलदार, वडार, कुंभार या समाजांतील कुटुंबे तेथे खरेदी-विक्रीसाठी येत आली आहेत आणि गुजरातेतील काठेवाडी गाढवांना तेथे चांगला भाव येतो. राज्यातील गाढवांची संख्या २०१२ ते २०१९ या काळात सुमारे ४० टक्क्यांनी घटली. वाळू, माती, विटा वाहण्याचे काम ट्रॅक्टरने घेतले. गाढवाच्या कातड्यापासून चीनमध्ये औषधी पदार्थ तयार केला जातो. त्या मागणीमुळे अनेक देशांत गाढवांची कत्तल वाढली आहे. उत्तम नर गाढव उपलब्ध नसेल तर खेचर निपजणार नाही, म्हणून हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने नर गाढवाचे वीर्य गोठवून कृत्रिम रेतनाने खेचरांची पैदास करण्याचे तंत्र विकसित केले.

ओझ्याच्या जनावरांवर आजही अवलंबून असलेले आपल्या राज्यातील प्रमुख ठिकाण म्हणजे माथेरान. तेथे मोटारींना मज्जाव आहे. दस्तुरी नाक्यापासून पुढे धान्य, गॅसची टाकी, बांधकामाचे साहित्य बहुतांशी मालवाहू घोड्या-खेचरांच्या पाठीवरूनच गावात जाते. डिसेंबर २०२२ मध्ये तेथे ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये माणसाने माणसाला ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. हा निर्णय सर्वथा योग्य आहे. माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरविण्याचा विचार झाला. जनावराच्या पाठीवरच्या ओझ्याचा विचारही त्याच तपशिलाने होणे अगत्याचे आहे.

त्यासाठी नियम नाहीत असे नव्हे. ओझ्याच्या जनावरांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत लहान बैलासाठी १०० किलो, तट्टासाठी ७० किलो, गाढवासाठी ५० किलो आणि खेचरासाठी २०० किलो अशी कमाल मर्यादा ठरविलेली आहे. दिवसात नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, हेही त्यात आहे. मात्र खेचराची ही मर्यादा फारच उदार वाटते. लष्कराच्या जुन्या परिमाणानुसार डोंगरात खेचरावर दोन मण, म्हणजे सुमारे पाऊणशे किलो ओझे लादीत. सपाट वाटेवरील नियम खड्या चढावर लावला तर नियम पाळूनही जनावर खचते. २०२२ च्या केदारनाथ यात्रेत शंभराहून अधिक घोडे-खेचरे दगावली, त्यांत अतिश्रम, अपुरे पाणी आणि विश्रांतीचा अभाव ही कारणे पुढे आली. आता सोनप्रयाग ते केदारनाथ या सुमारे तेरा किलोमीटरच्या रज्जुमार्गास मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. तो पूर्ण झाल्यावर त्या वाटेवरील खेचरांची मागणी कमी होईल, आणि जनावरांबरोबर त्यांच्या मालकांचाही प्रश्न उभा राहील.

या मालकांजवळ बहुधा जमीन नसते. दूध देणारी गाय म्हातारी झाली तरी तिच्या वासरांच्या रूपाने भांडवल शिल्लक राहते. खेचराच्या मालकाचे भांडवल त्या एका जनावराबरोबर संपते. ते मेले की नवे विकत घ्यावे लागते. ग्लँडर्ससारखा रोग आढळला तर परिस्थिती आणखी बिकट होते. हा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून बाधित जनावर नष्ट करावे लागते. त्यासाठी भरपाईची तरतूद आहे, परंतु भरपाई मिळून नवे जनावर येईपर्यंतचे दिवस घर कशावर चालवावयाचे, हा प्रश्न उरतोच. पशुवैद्यकीय दवाखान्यांचे सारे लक्ष स्वाभाविकपणे दुभत्या जनावरांकडे असते. खुराचा रोग, खोगिराखालची जखम आणि पोटशूळ या ओझ्याच्या जनावरांच्या नेहमीच्या व्याधी. त्या ओळखणारा नालबंदही आता सहजी मिळत नाही.

लष्करानेही खेचराचा आधार कमी करण्याचे ठरविले आहे. १९९९ च्या कारगिल संघर्षात शिखरांवरील तुकड्यांना दारूगोळा आणि अन्न पोहोचविण्यात खेचरांचा मोठा वाटा होता. १५ जानेवारी २०२५ रोजी सैन्यदिनाचे संचलन पुण्यात झाले, तेव्हा चार पायांवर चालणारी यंत्रे तेथे रांगेने चालताना लोकांनी पाहिली. त्या यंत्रांना नाव दिले आहे तेही खेचराचेच. त्यांना चंदी लागत नाही, हे खरे. परंतु बर्फात विद्युतघट उतरला तर ती चरूनही येत नाहीत.

एकविसाव्या पशुगणनेचे काम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. तिचे आकडे वाचताना खेचरांच्या रकान्याबरोबर घोड्या आणि नर गाढवे यांचे रकानेही शेजारी ठेवून पाहावेत. कारण पुढील दहा वर्षांतील खेचरांची संख्या तेथे आधीच लिहिलेली असते. सिंधुदुर्गातील प्रगणकाच्या दृष्टीस खेचर क्वचितच पडेल. मात्र कामाच्या बैलांचा रकाना त्याने काळजीपूर्वक भरावा. खारेपाटणच्या घाटवाटेवर खेचराला ज्याने येऊ दिले नाही त्या जनावराची जागाही आता पॉवर टिलर घेऊ लागला आहे, आणि डोंगरउतारावरील ज्या अरुंद वाफ्यांत टिलर वळत नाही तेथे नांगराला बैलजोडी मिळणे कठीण होत चालले आहे.